हात-पाय ऐकत नाहीत तेव्हा: डोपामिन, मेंदूतली वर्तुळं आणि अनैच्छिक हालचालींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाबांना कंपवात झाला तेव्हापासून अकरा वर्षं मी त्यांच्यासोबत न्यूरोलॉजिस्टच्या बाहेरच्या बाकांवर बसले. पुढे पेशंटच्या घरच्यांच्या गटात जायला लागले. दोन्हीकडे तेच ते प्रश्न कानावर येतात, आणि बऱ्याच प्रश्नांच्या मागे एकच समज असतो: माणूस मुद्दाम करतोय, मनावर घेतलं तर थांबवू शकेल. तो समज जावा म्हणून हे लिहिलं आहे. गोळीचा डोस ठरवणं डॉक्टरांचं काम. त्यांच्याकडे जाण्याआधी घरात काय बघायचं आणि त्यांना काय विचारायचं, ते इथे आहे.

आपली हालचाल आपण ठरवतो. मग ती मनाविरुद्ध होतेच कशी?

ठरवणं हा हालचालीचा अगदी छोटा भाग आहे. चहाचा कप उचलताना कुठला स्नायू किती आवळायचा, हे कोणी विचार करून ठरवत नाही. मेंदूच्या पृष्ठभागावर, कॉर्टेक्समध्ये, एका वेळी कितीतरी हालचालींचे बेत तयार असतात. कप उचल, नाक खाजव, पाय हलव, मागे वळून बघ. त्यातला एखादाच पुढे जातो, बाकीचे तिथेच विरतात. ही निवड व्हायला मेंदूच्या खोल भागातल्या बेसल गँग्लिया नावाच्या पेशींच्या गाठी मदत करतात. कॉर्टेक्सचा निरोप स्ट्रायाटम या गाठीत येतो, तिथून ग्लोबस पॅलिडसकडे, मग थॅलॅमसकडे आणि फिरून पुन्हा कॉर्टेक्सकडे. म्हणून याला वर्तुळ म्हणतात.

या वर्तुळाचं मूळ उत्तर 'नाही' असतं. आपण स्वस्थ बसलेलो असतानाही ग्लोबस पॅलिडसच्या आतल्या भागातल्या पेशी सेकंदाला साठ-सत्तर वेळा थॅलॅमसला 'थांब' सांगत असतात. हालचाल करायची म्हणजे तेवढ्यापुरता तो 'थांब' मागे घ्यायचा.

गटात मी हे एसटीच्या उदाहरणाने सांगते. ड्रायव्हरला रस्ता माहीत असतो, त्याचा पाय तयार असतो, पण कंडक्टरने डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलत नाही. बेसल गँग्लिया म्हणजे हा कंडक्टर. घंटाच वाजली नाही तर गाडी स्टँडवर उभी राहते. ती आपोआप वाजू लागली तर गाडी नको तिथे निघते. ड्रायव्हरचा दोष दोन्हीकडे नाही.

यात डोपामिन काय करतं?

कंडक्टरची दोरी किती हलक्या हाताने ओढली तरी घंटा वाजावी, हे डोपामिन ठरवतं.

मेंदूच्या देठाच्या वरच्या टोकाला सबस्टॅन्शिया नायग्रा नावाची काळसर पट्टी आहे. तिथल्या पेशी स्ट्रायाटमला डोपामिन पुरवतात. स्ट्रायाटममधून दोन वाटा निघतात. एक थेट वाट, हालचालीला मोकळीक देणारी; तिच्या पेशींवर डी-१ प्रकारचे रिसेप्टर, म्हणजे डोपामिन ओळखणारी दारं, असतात आणि डोपामिनने त्या जाग्या होतात. दुसरी वळणाची वाट, हालचाल दाबणारी; तिच्यावर डी-२ रिसेप्टर असतात आणि डोपामिनने त्या शांत होतात. म्हणजे एकच रसायन एका वाटेला पुढे ढकलतं आणि दुसरीला मागे ओढतं, आणि दोन्हींचा परिणाम एकाच बाजूला पडतो: हालचाल सोपी होते. डोपामिन घटलं की माणूस मंदावतो, आखडतो. त्याचा प्रभाव वाढला की नको त्या हालचाली सुटतात.

शाळेच्या पुस्तकात शोभेल असं हे चित्र आहे, आणि खरा मेंदू त्याहून गुंतागुंतीचा आहे. २०१३ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की हालचाल सुरू होताना दोन्ही वाटांतल्या पेशी एकत्रच जाग्या होतात. त्याचा अर्थ बहुधा असा, की एक वाट हव्या हालचालीला पुढे सोडते आणि त्याच क्षणी दुसरी तिच्या स्पर्धकांना अडवते. अनैच्छिक हालचाल म्हणजे या अडवण्यात पडलेली फट, असं मला हे वाचल्यापासून जास्त पटतं.

डोपामिन तर आनंदाचं रसायन ना?

तसं सगळीकडे म्हणतात, पण ते अपुरं आहे. नव्या गोष्टीतून अपेक्षेपेक्षा चांगलं काही मिळालं की डोपामिनच्या पेशी उसळतात, अपेक्षेइतकंच मिळालं तर फारशा उसळत नाहीत, आणि अपेक्षाभंग झाला तर मंदावतात. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवरच्या प्रयोगांत हे दाखवलं. म्हणजे डोपामिन शिकवतं: हे पुन्हा कर, ते नको करूस. पुनरावृत्तीचं मूळ इथेच आहे. सायकल चालवणं, टाइप करणं, जेवल्यावर सुपारीकडे हात जाणं, या साऱ्या सवयी याच वर्तुळांत मुरतात.

कंपवातात डोपामिन कमी होतं, हे कळलं कसं?

ही गोष्ट मला फार जवळची आहे, कारण तिचा एक धागा मुंबईतून जातो. सर्पगंधा आपल्याकडे जुन्या काळापासून वापरात होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा पद्धतशीर अभ्यास करून १९४९ मध्ये तो ब्रिटिश नियतकालिकात छापला, आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. ते रक्तदाबाला आणि मनोविकारांनाही देऊ लागले, तेव्हा काही रुग्ण कंपवात झाल्यासारखे मंद आणि ताठर होऊ लागले.

स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये हेच रेसर्पिन सशांना दिलं. ससे कान पाडून निपचित बसले. मग त्यांना लेव्होडोपा, म्हणजे ज्यापासून शरीर डोपामिन बनवतं तो पदार्थ, टोचला. थोड्याच वेळात ससे उठून हिंडू लागले. १९६० मध्ये व्हिएन्नात ओले होर्निकेविच आणि त्यांच्या सहकाऱ्याने कंपवाताने गेलेल्या माणसांच्या मेंदूत, नेमकं स्ट्रायाटममध्ये, डोपामिन अगदी आटलेलं दाखवलं. १९६७ मध्ये जॉर्ज कोटझियास यांनी तोंडाने मोठ्या मात्रेत लेव्होडोपा देण्याची रीत बसवली. कार्लसन यांना २००० चं नोबेल मिळालं. बाबांच्या सकाळच्या गोळीमागे ही सगळी माणसं उभी होती.

खाजकुयलीच्या बियांत हेच औषध असतं म्हणतात. ते चालेल का?

असतं, हे खरं आहे. या बियांतून लेव्होडोपा वेगळं काढल्याचं भारतीय शास्त्रज्ञांनी १९३७ मध्येच छापलं होतं. म्हणूनच सांभाळायला हवं. गोळीही चालू आणि चूर्णही चालू असेल, तर एकच औषध दोन दारांनी आत जातं आणि डॉक्टरांना एकच दार माहीत असतं. चूर्णातलं प्रमाणही पुडीगणिक बदलू शकतं. घेत असाल तर लपवू नका.

गोळी घेतल्यावर थरथर थांबते, पण तासाभराने अंग वेडंवाकडं हलायला लागतं. डोस कमी पडतोय का?

बहुतेक वेळा उलट असतं, आणि ही चूक आम्ही स्वतः केली आहे.

बाबांची गोळी आठला. पावणेनऊपर्यंत ते शर्टाची बटणं स्वतः लावायचे. साडेनऊला मान डोलायला लागायची, डावा खांदा वर जाऊन खाली यायचा, खुर्चीत बसल्या बसल्या पाऊल गोल फिरायचं. त्यांना स्वतःला ते फारसं जाणवायचं नाही; बघणाऱ्यालाच त्रास. "कंप वाढलाय" असं मीच फोनवर सांगितलं आणि डोस वाढला. हालचाली दुपटीने वाढल्या. पुढच्या भेटीत मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला तेव्हा उलगडा झाला की तो कंप नव्हताच. लेव्होडोपा रक्तात सर्वात जास्त असतानाची ती डिस्कायनेशिया, म्हणजे औषधाने सुटलेली नको ती हालचाल, होती.

फरक ओळखता येतो. कंपवाताचा कंप ठेक्यात असतो, सेकंदाला चार ते सहा वेळा, आणि हात मांडीवर निवांत असताना जास्त. डिस्कायनेशिया वाहती असते, नागमोडी, ठेका नसलेली. मेंदूत डोपामिन साठवून बेताने सोडणाऱ्या पेशी उरत नाहीत, त्यामुळे प्रत्येक गोळीची लाट येते आणि ओसरते, आणि वर्षानुवर्षं अशा लाटा झेलून स्ट्रायाटम हळवं होतं. उपाय आहेत: डोस विभागून देणं, अमँटाडीन नावाचं औषध, काहींना मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची डीबीएस शस्त्रक्रिया. गोळी, जेवण आणि हालचाल यांच्या वेळा वहीत टिपा. डाळ, अंडी, पनीर यांतली प्रथिनं लेव्होडोपाची वाट अडवतात, म्हणून बऱ्याच जणांना गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायला सांगतात.

मुलगा सारखे डोळे मिचकावतो, मान झटकतो, घसा खाकरतो. ओरडलं की थोडा वेळ थांबतो. म्हणजे मुद्दामच ना?

नाही. या टिक्स आहेत. त्या थोडा वेळ दाबता येतात, म्हणून घरी आणि शाळेत गैरसमज होतो.

मोठी मुलं सांगतात की टिकच्या आधी त्या जागी काहीतरी दाटून येतं. डोळ्यात खुपल्यासारखं, मानेत ताण भरल्यासारखं. टिक झाली की सुटल्यासारखं वाटतं. शिंक आली आहे आणि कोणी म्हणतंय शिंकू नकोस, तसं. मूल वर्गात चार तास शिंक दाबून धरतं आणि घरी आल्यावर आईसमोर सगळ्या टिक्स एकदम बाहेर पडतात. आई म्हणते, शाळेत नीट असतो, माझ्यासमोरच करतो. तुमच्यासमोर करतो, कारण तिथे त्याला सुरक्षित वाटतं.

निदानाआधी ही मुलं बरंच फिरतात. डोळ्यांचे डॉक्टर, अॅलर्जीची औषधं, जंताची गोळी, दृष्ट काढणं. टिक्स सहसा पाच ते सात वर्षांच्या सुमारास सुरू होतात, दहा-बाराव्या वर्षी सर्वात जास्त असतात आणि बहुतेकांच्या मोठेपणी पुष्कळ ओसरतात. मधल्या काळात त्या रूप बदलतात, कमी-जास्त होतात. अनेक शारीरिक टिक्स आणि किमान एक आवाजाची टिक अठराव्या वर्षाआधी सुरू होऊन वर्षाहून जास्त टिकली, तर त्याला टूरेट सिंड्रोम म्हणतात. फ्रेंच डॉक्टर जॉर्ज जिल द ला टूरेट यांनी १८८५ मध्ये नऊ रुग्णांचं वर्णन केलं, त्यावरून हे नाव. टूरेट म्हणजे शिवीगाळ, हा समज चुकीचा आहे. तसं थोड्याच जणांत दिसतं.

वर्तुळात काय बिघडतं? माकडांच्या स्ट्रायाटममधल्या एका लहानशा ठिपक्यातली 'अडवणूक' औषधाने बंद केली, तेव्हा त्या ठिपक्याशी जोडलेल्या अवयवात टिक्ससारखे झटके दिसले. कंडक्टरच्या दोरीचा एखादाच धागा सुटावा तसं. डोपामिन रोखणाऱ्या औषधांनी टिक्स कमी होतात, हाही एक दुवा आहे. अशीच वर्तुळं शेजारून विचार आणि भावना यांच्यासाठीही जातात. त्यामुळे टिक्ससोबत मंत्रचळ किंवा चंचलपणा असणं नेहमीचं आहे, आणि कधीकधी मुलाला टिक्सपेक्षा तोच जास्त छळत असतो.

सौम्य टिक्सना औषध लागतंच असं नाही. टिकची चाहूल ओळखून त्या क्षणी तिच्या विरुद्ध हालचाल करायला शिकवणारी वर्तनोपचाराची पद्धत आहे. तिचा उपयोग २०१० मध्ये मुलांवरच्या चाचणीत सिद्ध झाला. लागलंच तर क्लोनिडीन, अॅरिपिप्राझोल यांसारखी औषधं डॉक्टर देतात. शाळेत जाऊन बाईंशी बोला. पूर्ण वर्गासमोर "थांबव ते" असं म्हटलं गेलं की त्या दिवशी टिक्स वाढतात.

तीन वर्षांची मुलगी खूश झाली की दोन्ही हात पंखासारखे हलवते. हीही टिकच का?

बहुधा नाही. याला स्टिरिओटिपी म्हणतात. ती तीन वर्षांच्या आत सुरू होते, रूप बदलत नाही, आनंदात किंवा गुंगून गेल्यावर दिसते आणि हाक मारली की थांबते. पुष्कळ निरोगी मुलांत असते. बोलणं, नजर, खेळणं यातही वेगळेपणा वाटला तर स्वमग्नतेसाठी तपासून घ्या.

सासूबाई सारखं तोंड चघळतात, जीभ आत-बाहेर करतात. वयामुळे का?

वय म्हणून सोडून देऊ नका. आधी त्यांचा औषधांचा डबा ओता.

माझ्या आत्याचं असंच सुरू झालं. ओठ मुडपायचे, गालात जीभ फिरायची, जणू शेंगदाण्याचं कूट दातांत अडकलंय. कवळी बसत नाही म्हणून दोनदा नवी करवली. शेवटी तिच्या उशालगतच्या डब्यात पित्ताच्या कॅप्सूलची पट्टी सापडली. रोज सकाळी उपाशीपोटी एक, तीन वर्षं. 'गॅस होतो' म्हणून एकदा लिहून दिलेली. कधी बंद करायची, ते कोणीच सांगितलं नव्हतं. पट्टीमागच्या बारीक अक्षरांत आम्लनाशकासोबत लेव्होसल्पिराइड लिहिलं होतं.

लेव्होसल्पिराइड, उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझीन आणि मनोविकारांवरची बरीच औषधं डी-२ रिसेप्टर बंद करतात. महिनोन् महिने दार बंद राहिलं की पलीकडची पेशी थोड्याशा डोपामिनलाही जास्त प्रतिसाद देऊ लागते, असं मानतात. त्यातून तोंडाच्या, जिभेच्या, कधी हातापायाच्या हालचाली सुटतात. याला टार्डिव्ह डिस्कायनेशिया म्हणतात. वयस्क स्त्रियांना धोका जास्त. चक्कर येते म्हणून वर्षानुवर्षं चालू असलेल्या सिनारिझीन आणि फ्लुनारिझीनने अगदी कंपवातासारखी मंदीही येते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये मेटोक्लोप्रामाइडवर ठळक इशारा छापायला लावला: बारा आठवड्यांहून जास्त देणं टाळा. आपल्याकडे तीच पट्टी जुन्या चिठ्ठीवर दुकानातून पुन्हा पुन्हा येते, याचं मला अजून वाईट वाटतं.

मात्र मनोविकाराचं औषध स्वतःहून बंद करू नका. मूळ आजार उलटतो, आणि एकदम थांबवल्यास या हालचालीही काही काळ वाढू शकतात. डोपामिन साठवणाऱ्या कुप्या रिकाम्या ठेवणारी व्हॅलबेनाझीन आणि ड्यूटेट्राबेनाझीन ही औषधं अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर झाली. त्यांच्याच कुळातलं जुनं औषध टेट्राबेनाझीन. आत्याच्या हालचाली कॅप्सूल बंद झाल्यावर वर्षभरात निम्म्यावर आल्या, पूर्ण गेल्या नाहीत.

एकाएकी एक हात जोरात भिरकावला जायला लागला तर?

लगेच रुग्णालयात न्या. सबथॅलॅमिक न्यूक्लियस या मसुराएवढ्या गाठीत किंवा आसपास पक्षाघात झाला की असं होतं. मधुमेह्यांत साखर खूप वाढल्यानेही एका बाजूला अशा हालचाली सुटतात. साखर आटोक्यात आली की त्या बहुधा ओसरतात. घरात ग्लुकोमीटर असेल तर निघता निघता साखर बघा, पण त्यासाठी थांबू नका.

शाळकरी मुलीचं अक्षर अचानक बिघडलं, हातातून भांडी पडतात, चिडचिड वाढली आहे.

धसमुसळेपणा म्हणून रागावण्याआधी विचार करा, मागच्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत घसा सुजून ताप आला होता का? स्ट्रेप्टोकॉकस या जंतूच्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारयंत्रणा चुकून बेसल गँग्लियावरच हल्ला करते. त्यातून सिडनहॅम कोरिया होतो, म्हणजे हातापायांच्या ठेका नसलेल्या, नाचल्यासारख्या हालचाली. मुलींत जास्त. तुमची दोन बोटं तिला घट्ट धरायला सांगा: पकड आवळते, सैल होते, आवळते, धार काढल्यासारखी. हा कोरिया बहुतेकदा महिन्यांत जातो, पण तो संधिवाती तापाचा भाग आहे आणि तोच ताप हृदयाच्या झडपा खराब करतो. म्हणून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यायचा, आणि दर तीन आठवड्यांचं पेनिसिलिनचं इंजेक्शन डॉक्टर सांगतील तितकी वर्षं चुकवायचं नाही.

रात्री अंथरुणावर पडलं की पाय हलवल्याशिवाय राहवत नाही.

रेस्टलेस लेग्ज. मेंदूत डोपामिन बनायला लोह लागतं, आणि लोह कमी पडलं की हा त्रास वाढतो. गरोदरपणात तर नेहमीचाच. हिमोग्लोबिन ठीक असलं तरी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासा.

कंपवाताच्या गोळ्या सुरू झाल्यापासून नवरा रात्रभर कपाट आवरतो, लॉटरीची तिकिटं घेतो.

ही माहिती डॉक्टरांना आजच द्या, लाज बाळगू नका. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी औषधं हालचालीच्या वर्तुळासोबत हव्यासाच्या वर्तुळालाही चेतवतात. जुगार, खरेदी, अति खाणं, किंवा तीच वस्तू उघडणं-मांडणं तासन् तास. या शेवटच्या प्रकाराला पंडिंग म्हणतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमध्ये उत्तेजक द्रव्यं घेणाऱ्यांत तो प्रथम वर्णिला गेला. आमच्या गटातल्या एका काकांनी घरातले तिन्ही रेडिओ खोलून स्क्रू आकाराप्रमाणे लावून ठेवले होते. डोस बदलल्यावर ते थांबले. घरात मात्र तोवर महिनाभर अबोला होता.

हात फक्त कप धरतानाच कापतो. हा कंपवात का?

बहुधा एसेन्शियल ट्रेमर, म्हणजे काही करतानाच येणारा वेगळा कंप. त्यात मुख्य सहभाग लहान मेंदूच्या वर्तुळाचा असतो, म्हणून डोपामिनच्या गोळ्यांनी फरक पडत नाही.

ताण आला की सगळं वाढतं. म्हणजे मानसिकच ना?

ताणाने रक्तदाबही वाढतो. कंप, टिक्स, कोरिया सगळेच परीक्षेत, भांडणात, पाहुण्यांसमोर वाढतात आणि गाढ झोपेत बहुतेक थांबतात. यावरून ते नाटक ठरत नाही. मेंदूची रचना शाबूत असूनही चलनाचं कार्य बिघडतं असाही एक आजार आहे, आणि तोही तितकाच खरा.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यावं?

व्हिडिओ. तपासणीच्या खोलीत हालचाल नेमकी गायब होते. तीस सेकंदांचे तीन-चार तुकडे पुरतात: निवांत बसलेले, हात समोर धरलेले, चालताना, आणि लिहिताना किंवा कप धरताना. चेहरा आणि पावलं दोन्ही दिसू द्या. गोळीनंतर किती वेळाने काढला, ते व्हिडिओतच बोलून ठेवा. सोबत घरातल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घाला: आयुर्वेदिक पुड्या, पित्ताच्या, चकरेच्या, आणि त्या 'कधीतरी घेतो' म्हणतात त्याही. आत्याची पट्टी अशीच उशालगतच्या डब्यातून बाहेर आली होती, सर्वात तळाशी.